न घासलेला दगड

टाकीमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता फक्त बँकेत उरलं होतं. इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुऊन देणं हा त्यांचा धंदा, आणि बावीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. आधी पाणी उपसायचं, मग आत उतरून गुडघ्यांवर बसून तळाचा गाळ खरवडायचा, भिंती घासायच्या, क्लोरीन मारायचं, धुवायचं आणि समाधान झालं तरी आणखी एकदा धुवायचं. काम संपलं की ते मालकाला वर बोलवत, आत टॉर्च मारत आणि म्हणत, "काही दिसतंय का? दाखवा." काही दिसायचं नाहीच. मालक मुकाट्याने मान हलवून खाली उतरायचा.

आता धंद्यातला हात घरी आल्यावर खिशात ठेवावा की नाही? पण सवय ती सवय. खिडकीतल्या रोपाच्या पानांवर धूळ दिसली म्हणून त्यांनी ती साबणाच्या पाण्याने पुसली. रोप आठवड्यात गेलं. लग्नानंतर हौसेने दोन सोनेरी मासे आणले होते. त्यांचं भांडं मामांनी इतकं लख्ख केलं की त्या लखलखाटातच मासे वारले. बायको यावर कधी भांडली नाही. ती फक्त म्हणायची, "तुमच्या हाताखाली काही जगत नाही हो," आणि तेही बाहेर ढग आलेत असं सांगावं तितक्या शांतपणे. एकदा मामा हिरमुसून म्हणाले की आपली मुलगी नाही का जगली, नोकरीला लागली, परगावी सुखात आहे. त्यावर बायको म्हणाली की ती माझ्या हाताखाली होती, तुम्ही टाकीत होतात. मामांना हे फार लागलं, कारण यात खोटं काहीच नव्हतं.

त्यातच एका दाताच्या डॉक्टरची टाकी धुवायचं काम आलं. सहीसाठी मामा खाली दवाखान्यात गेले आणि बाहेरच्या खोलीत थिजून उभे राहिले. काचेच्या पेटीत समुद्र होता. दगडांवर फुलांसारखं काहीतरी डुलत होतं, आणि त्यातून एक केशरी मासा बाहेर डोकावून मामांकडे संशयाने बघत होता. हे किती दिवसांनी घासता, हा मामांचा पहिला प्रश्न. डॉक्टर हसले. म्हणाले, घासत नाही, म्हणून तर जिवंत आहे. मामांना ते दाताच्या डॉक्टरच्या तोंडी अजिबात शोभलं नाही, पण मासा डोळ्यांसमोरून हलेना. डॉक्टरांनी मोठी पेटी घेतली होती आणि जुनी, एका कोपऱ्यात ओरखडा पडलेली, कपाटामागे पडून होती. ती मामांनी मागितली आणि डॉक्टरांनी देऊन टाकली.

पेटी घरी आली तेव्हा प्रश्न जागेचा निघाला. ऊन येत नाही आणि प्लग जवळ आहे अशी घरात एकच भिंत, आणि तिथे बायकोचं शिवणयंत्र. ती लोकांचे पडदे आणि पँट आखूड करून द्यायची. मशीन हलवलं तर तिला झोपायच्या खोलीत पलंगाला खेटून बसावं लागणार होतं. कबुतरं पाळतो म्हणाले नाहीत हे काय कमी, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून तिने मशीन हलवू दिलं, पण अट घालून.

"दोन महिने देते. त्यात एक जरी जीव तुमच्या हाताखाली जगला, तरी पेटी राहील. नाही जगला, तर माझी जागा मला परत."

मामांनी शब्द दिला. दोन महिने म्हणजे चैन आहे असं त्यांना वाटलं.

मत्स्यालयाचं दुकान एका बाईंचं होतं. कोपरापर्यंत कायम ओला हात आणि नाकावर चष्मा. मामा त्यांना मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणू लागले, कारण बाई वस्तू कमी आणि गृहपाठ जास्त देत. खिसा हलका आहे हे मामांनी आधीच सांगून टाकलं. बाईंनी निम्मी यादी खोडली. जुना पंप चालेल, लहान हीटर, समुद्राच्या मिठाचं पाकीट, खारटपणा मोजायची नळी, पाणी तपासायचे थेंब. बरेचसे साधे कोरडे दगड आणि त्यांच्या स्वतःच्या पेटीतला एक जिवंत दगड. बाईंनी समजावलं, माशाच्या घाणीने पाण्यात विष होतं, आणि या दगडात राहणारे न दिसणारे जंतू ते विष खाऊन टाकतात. आधी त्यांचा संसार थाटू द्यायचा. कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाकायचा, तो सडला म्हणजे त्यांना खायला विष मिळतं. पेटीतलं थोडं पाणी बाटलीत घेऊन थेंब टाकले की ते हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. पिवळं होईपर्यंत मासा मागायचा नाही. मामांनी सगळं वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलं म्हणजे कळलं, असा बऱ्याच लोकांचा समज असतो.

पाणी कालवलं त्या दिवशी घरात उत्साह होता. मामांची आई, वय ऐंशी, खुर्ची ओढून बसली. नळीवर मामांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी बोट बुडवून चाखलं. मग आईनेही चाखलं आणि निकाल दिला की मीठ जास्त झालंय, थोडं पाणी घाल.

आणि मग मामांनी ओल्या वर्तमानपत्रातून तो जिवंत दगड बाहेर काढला. जांभळे डाग, हिरवट बुरशी, एका भोकात काहीतरी बुळबुळीत, आणि वास असा की आईने खुर्ची मागे सरकवली. बावीस वर्षं ज्याच्याशी वैर केलं तेच त्यांच्या तळहातावर बसलं होतं. मामांनी बाईंचं बोलणं आठवून पाहिलं, पण जिवंत म्हणजे घाणेरडा असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी तारेचा ब्रश घेतला. मग क्लोरीन. मग दोन वेळा धुणं, आणि दगड दिवसभर उन्हात. संध्याकाळी तो सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा झाला. मामांनी तो मोठ्या समाधानाने पेटीत ठेवला, आणि पुढे दर तिसऱ्या दिवशी पंपाचा स्पंजही नळाखाली पिळून काढू लागले.

थेंब हिरवे आले. पुढच्या आठवड्यात आणखी हिरवे. घरात येणारा प्रत्येक जण मासे कुठे आहेत विचारायचा आणि आई परस्पर सांगायची की आमच्याकडे दगड पाळलेत. तीन आठवडे झाले तरी हिरवा रंग हलेना, तेव्हा मामा फोनमध्ये फोटो काढून दुकानात गेले.

बाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हा माझा दगड?"

मामांनी अभिमानाने हो म्हटलं आणि काय काय केलं ते कसबी माणसाच्या बारकाईने सांगितलं, क्लोरीनचं प्रमाणसुद्धा. बाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"मामा, तुम्ही त्याला धुतलं नाहीत. मारलंत."

मामांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. काउंटरपाशी उभ्या उभ्या त्यांनी बाईंना रोप सांगितलं, सोनेरी मासे सांगितले, आणि बायको काय म्हणते तेही सांगून टाकलं. शेवटी अटही सांगितली. बाईंनी आपल्या पेटीत हात घालून मुठीएवढा दुसरा दगड काढला, पहिल्याहून घाणेरडा, आणि कागदात गुंडाळून दिला. पाणी सगळं बदला, कोळंबी काढून टाका, हा आत ठेवा आणि त्यानंतर हात खिशात, एवढंच त्यांनी बजावलं.

हात खिशात ठेवणं मामांना टाकीत उतरण्याहून जड गेलं. दुसऱ्याच आठवड्यात दगडांवर आणि काचेवर तपकिरी थर धरला. हे होतंच, याला हात लावू नका, असं बाई फोनवर म्हणाल्या. मामांचे हात शिवशिवायचे. मग त्यांनी पंख्याची पाती धुतली, दिव्याची बटणं पुसली, शेजाऱ्याची स्कूटर त्याला न विचारता चकचकीत केली. आईच्या कवळीची डबी दिवसातून तीनदा घासली, तेव्हा आई म्हणाली की बाबा, त्या दगडांकडे बघत बस पण माझ्या दातांना सोड. बायको सुरुवातीला गालात हसली. मग एकदा दुपारी तिने त्यांना पेटीसमोर स्टुलावर बसलेलं पाहिलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून शिवत राहिली. तिची पाठ त्या बैठकीने दुखत होती, आणि मामांना ते ठाऊक होतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी मामांनी थेंब टाकले. पाणी पिवळं होतं, पण त्यात हिरवी झाक होतीच. बाईंनी मासा द्यायला साफ नकार दिला. आणखी पंधरा दिवस, म्हणाल्या, आज नेलात तर उद्या मरेल. मामांनी हुज्जत घातली नाही. घरी आल्यावर त्यांनी बायकोकडे वाढीव मुदतही मागितली नाही. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बादली आणि पाणी उपसायची नळी घेऊन पेटीसमोर आले. उपसणं हे तर रोजचंच काम, पण नळी पाण्यात सोडवेना. मशीनची जागा पुसायला बायको फडकं घेऊन आली आणि आधी कुठला दगड काढायचा ते बघायला काचेशी वाकली.

"थांबा," ती म्हणाली. "हे काय हलतंय?"

मामा वाकले. काचेवरच्या थरापलीकडे, नव्या दगडाच्या भोकातून शर्टाच्या बटणाहून लहान असा एक पंखा बाहेर आला होता. तांबड्या-पांढऱ्या बारीक केसांचा. बायकोने बोट पुढे केलं, सावली पडली आणि पंखा सटकन आत गेला. दोघं तशीच वाकून राहिली. थोड्या वेळाने तो सावकाश बाहेर आला आणि उघडला. शेजारी आणखी एक होता, खाली तिसरा. महिनाभर मामांनी या पेटीत फक्त मळ पाहिला होता.

"हे कधी आणलंत?"

"मी नाही आणलं. दगडातलाच कसला तरी जीव असणार. मी काहीच केलं नाही गं."

"तेच तर," बायको म्हणाली.

मागून आईचा आवाज आला. "चार दिवस झाले बघतेय मी. रोज सकाळी उघडतात."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"म्हटलं, तू घासशील."

मामांना यावर रागावता आलं असतं. पण त्यांनी खरंच विचार करून पाहिला, चार दिवसांपूर्वी, दगडावर काहीतरी वाढलंय म्हणून कळलं असतं तर. "घासलं असतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा काहीतरी उरलं होतं, आणि ते आईने त्यांच्यापासून लपवलं म्हणून उरलं होतं. त्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली.

बायकोने त्यांच्या हातातली नळी काढून बादलीत टाकली आणि मशीन आतल्या खिडकीपाशी लावून द्या म्हणून सांगितलं. तिथे उंच स्टूल ठेवलं तर पाठ दुखणार नाही. मामा बादली उचलून निघाले. ती अजून काचेशी वाकलेलीच होती.

"हळू चाला," ती म्हणाली. "पाय आपटलेत की ते आत जातात."

टाकीमामा आपल्याच घरात चवड्यांवर चालत आत गेले.