बंद खोलीतला कूलर

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी, नागपुरात सदर भागातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतले सर्व्हर आत पाणी गेल्याने बंद पडले. चौदा वर्षांची छायाचित्रं गेली. दुसरी प्रत होती, पण सर्व्हरच्याच कपाटात. चौकशी झाली आणि एका माणसाची नोकरी गेली. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही — घरातही नाही.

त्या माणसाचं नाव सुखदेव. सर्व्हरची खोली ते सांभाळायचे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, तरी मला मॅडम म्हणायचे; मी त्यांना सुखदेवभाऊ. खोलीची खिडकी धूळ येऊ नये म्हणून विटांनी बुजवलेली होती. दारामागे दोरीला एक रजिस्टर टांगलेलं असायचं. दर दोन तासांनी ते त्यात तापमान लिहायचे, हवेतला ओलावा लिहायचे, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तापमान सत्तावीसच्या वर नको, ओलावा साठ टक्क्यांच्या वर नको. बातमीदार जाता-येता विचारायचे, "काय गा सुखदेवभाऊ, पेशंटचा ताप किती?" ते मान वर न करता म्हणायचे, "पेशंट बरा आहे. नातेवाईकच गर्दी करून राहिले."

त्या मंगळवारी दोन्ही एसी बंद पडले. दोन वाजता आत छत्तीस होतं. सुखदेवभाऊ माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, मशीन दीड तास बंद ठेवतो. मेकॅनिक फोन उचलून नाही राहिला, मी गाडीवर जाऊन त्याले घेऊन येतो."

मी मशीन बंद करू दिलं नाही. वर्धापनदिनाची पुरवणी माझ्याकडे होती, तिची पानं छपाईला जायची होती. तेव्हा माझी नजर हॉलमधल्या कूलरकडे गेली असावी, कारण ते लगेच म्हणाले, "कूलर नका लावू, मॅडम. त्याले गारवा पायजे, ओल नाही पायजे."

मी बरं म्हटलं. त्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले.

मी बरं म्हटलं होतं — हे एक वाक्य लिहायला सहा वर्षं का लागावीत?

नागपूरचा उन्हाळा कूलरवर निघतो. कूलरला उघडी खिडकी लागते, नाहीतर खोली चिकट होते, भिंती घामेजतात, हे इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं? होतं. पंधराच मिनिटं, असं मी स्वतःला सांगितलं. सगळे जेवायला गेले होते. कूलरच्या स्टँडला चाकं होती. मी तो ढकलत आत नेला, दोन बादल्या पाणी ओतलं, तोंड कपाटाकडे केलं आणि पंखा पूर्ण वेगावर सोडला. मग दार ओढून घेतलं, चावी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली. तेवढ्यात संपादकांनी बैठकीला बोलावलं.

साडेतीनला सुखदेवभाऊ मेकॅनिकला घेऊन परतले. कपाटाच्या जाळीवर थेंब उभे होते, आतले दिवे विझलेले. त्यांनी कूलर बंद केला आणि ओढत हॉलमध्ये आणला. जेवून परतलेल्यांनी त्यांना बघितलं — सर्व्हरच्या खोलीतून कूलर ओढून आणताना. लोकांनी पाहिलं ते एवढंच.

चौकशीआधी मी ते रजिस्टर उघडलं होतं. दोनच्या नोंदीपुढे शेरा होता: "दोन्ही एसी बंद. मेकॅनिक आणायला जातो." मशीन बंद करायला मी नकार दिला, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. कूलरचा विषय निघाला, हेही नाही. मॅडमच्या नावाने लेखी काही असू नये, असं त्यांना वाटलं असेल? मला कळलं ते इतकंच, की माझ्याविरुद्ध कागद नाही. मी हलक्या पायाने चौकशीच्या खोलीत गेले.

तिथे त्यांना विचारलं, कूलर कोणी लावला? ते म्हणाले, "मी नाही लावला. मी काय सांगून गेलो होतो, ते मॅडमले विचारा. त्यायले माहीत आहे." आणि पाठ टेकून बसले — काम झालं, अशा माणसासारखे.

मी म्हटलं, कूलर कोणी लावला ते मला माहीत नाही. चावी त्यांच्याकडेच असते.

मी नव्या बातमीदारांना शिकवते, दुजोरा दोघांकडून घ्या. इथे सांगू शकणारे दोघंच होते, आणि त्यातल्या एकाने दुसरीवर भरवसा ठेवला होता.

ते रागावले नाहीत. माझ्याकडे वळून, हळू आवाजात, म्हणाले, "काहून मॅडम?"

मी समोरच्या कागदावर तारीख लिहीत राहिले. ती आधीच लिहिलेली होती.

त्या वर्षी मला बढती मिळायची होती. मिळाली.

सुखदेवभाऊंना आपलं काम दुसऱ्याकडे सोपवायला आठवडा दिला होता. ते रोज आले. माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत. कचेरी हलली तेव्हा रद्दीत ते रजिस्टर दिसलं, मी उचललं. शहराबाहेर, बेसा भागातल्या माझ्या घरी, कपाटात आहे. त्या आठवड्यातही दर दोन तासांची नोंद आहे, एकही चुकलेली नाही. अक्षर त्यांचंच. शेवटची नोंद शनिवारी संध्याकाळी सहाची. तापमान बावीस. ओलावा अठ्ठेचाळीस टक्के. शेऱ्याचा रकाना कोरा.