आखाजीच्या दिवशी सासूच्या हातात पाटी

तानुअक्का पापड लाटता लाटता तुर्कस्तान बघत होती. मोबाइल पोळपाटाशेजारी पितळी तांब्याला टेकवलेला. पडद्यावर एक बाई पाटीवर काही लिहीत होती. दूर बसलेली तिची जोडीदारीण काही बोलली. पाटी उलटली. घंटा वाजली. अक्काने लाटणं हवेत उडवलं.

"जुळनं व!"

शेजारची दिपमाला उंबऱ्यात थबकली. ती एम. ए. मराठी. तिलाही कळेना काय जुळलं.

"अक्का, तुम्हाला ही भाषा येते?"

"भाषा नही येत. तोंड देखीसन समजी जास."

हाच खेळ अक्काने ब्राझीलचा पाहिला होता, व्हिएतनामचा पाहिला होता. "ब्राझीलवाला जिंकाना आधीच नाचतस," ती सांगे. गल्लीतल्या बाया हसत. मंदाबाई तर तोंडावर म्हणे, "अक्का, कामधंदा नही का तुले?"

पण अक्काला हा खेळ गावात करायचा होता. एकाच प्रश्नाचं उत्तर सासू पाटीवर लिहिणार, सून तोंडाने सांगणार; जुळलं की घंटा. सरपंचांनी शेवटी एक दुपार दिली, माइकसकट. फसला तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं बजावून. अक्काने झटक्यात दिवस निवडला: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

प्रश्न दिपमालाने काढले. दिवसाकडे तिचंही लक्ष गेलं नाही.

आखाजीला गावातल्या निंबाखाली माणूस मावेना. झोक्यावर माहेरी आलेल्या लेकी. समोर पाट्या घेऊन सासवा. अक्काच्या हातात घंटेसाठी थाळी आणि पळी. सुनांच्या खुर्च्या मात्र रिकाम्या.

गल्लीतला तोताराम ओट्यावरून ओरडला, "अक्का, खेळ परदेशी, खेळाडू माहेरी!"

निंबाखालचा अख्खा जमाव हसला. अक्का गोरीमोरी झाली. आखाजीला कुठली सून सासरी थांबते? पण अक्काचं माहेर त्याच गल्लीत, तिसऱ्या घरात. तिला कधी पिशवी भरावी लागली नव्हती.

"मना ध्यानमाच नही ऱ्हायनं व," ती पुटपुटली. सरपंचांनी माइक परत घ्यायला हात पुढे केला.

अक्काने माइक छातीशी धरला. सगळ्या देशांच्या खेळातला फोन आठवून एकदम तिचे डोळे चमकले.

"थांबा! बठ्ठा देसमा फोन करतस! दिपमाला, लाव फोन!"

दिपमालाने मंदाबाईच्या सुनेला, सारिकाला, तिच्या माहेरी धुळ्याला फोन लावला. मोबाइल माइकला चिकटवला. प्रश्न विचारला, "सासूबाई रुसल्या की काय करतात?"

मंदाबाई पाटी झाकून लिहीत होती. समोर असती तर सारिका पदर ओढून गप्प बसली असती. पण ती माहेरी होती. पलीकडे तिच्या बहिणी खिदळत होत्या. सासूला ती आत्या म्हणे.

"आत्या ना? रुसन्यात का भाकरी थापतस. थापतस, थापतस, थांबतच नहीत! मंग बठ्ठी गल्लीमा वाटनं पडस!"

झोका थांबला. मंदाबाईचा चेहरा लाल. दिपमालाला वाटलं, संपलं.

"मंदा, पाटी उलट," अक्का हळूच म्हणाली.

मंदाबाईने पाटी उलटली. वेड्यावाकड्या अक्षरात एकच शब्द होता. भाकरी.

अक्काने थाळी अशी बडवली की निंबावरचे पोपट उडाले. मग ती नाचली. बक्षिसाआधीच, थेट ब्राझीलसारखी. मागे सासवा आपापल्या सुनांचे नंबर शोधू लागल्या.

"मंदाले उठाडा, आते मना नंबर!" कोणीतरी ओरडलं.

मंदाबाईने पदराने पाटी खसाखसा पुसली आणि खुर्ची घट्ट धरली.

"मी नही उठाव. अक्का, दुसरा सवाल इचार!"