मानलेल्या भावावरचं अपील

मी कोर्टात खरं बोलली आणि केस हरली. लोक खोटं बोलून हरतात, माहं सगळंच उफराटं. देवाची शपथ घेतली, जे हाय ते सांगतलं, आणि त्याच सांगण्यानं माह्या हाताची माती झाली.

वाशीमच्या बाहेर, अनसिंगच्या रस्त्यावर, एक दाळमिल हाय. नवरा गेला त्याच वर्सी मी तिथं कामाले लागली. तूर चाळणं, खडे निवडणं, पोती ओढणं, सांजच्याले झाडून काढणं. हजेरीचं कोणी काई लिहून ठेवत नोयतं. सकाळी गेलं की काम, बाजाराच्या दिवशी हातात रोजी. मालक माह्याहून बराच लहान. एका राखीले त्याच्या बहिणी आल्या नाही. तो आपला मोकळ्या मनगटानं वजनकाट्यापाशी बसलेला. मले दया आली. दुकानातून राखी आणली आणि बांधून टाकली. त्यानं माह्या पायाले हात लावला, म्हणे, "आजपासून तू माही बहीण."

बस, तेव्हापासून मी त्याले भाऊ म्हणू लागली. दिवाळीत बाकीच्या बायाईले बोनस भेटे, मले भाऊबीजेची ओवाळणी भेटे. पैसे तेवढेच, पण ताटात ठेवून, वर साडी. मी तं हवेतच राहो. बाया चिडवत, "सरका वं, शेठची बहीण आली, खुर्ची द्या तिले!" माह्या बाजूले चाळणीवर एक मुसलमान बाई होती, वाशीमचीच, जिभेची तिखट; आमी सगळ्या तिले आपा म्हणो. ती म्हणे, "बहीण है तो पंखे के नीचे बैठ ना, यहाँ धूल क्यों खा रही?" मी म्हणो, तू जळतं.

ज्या दिवशी हात गेला त्या दिवशी माल ओला होता. मोटरवर चालणाऱ्या चाळणीखालच्या पट्ट्यात काडीकचरा घडी घडी अटकून राह्यला होता. पट्ट्यावरची जाळी कवाचीच काढून ठेवलेली, कारण ती काढाघालाले वेळ लागे. मोटर बंद करून कचरा काढा, असं भिंतीवर लिवलेलं होतं, पण मोटर बंद झाली की हापिसातून आवाज येई, "काहून बंद केली बे?" मी हात घातला. रोजच घालत होती. त्या दिवशी पट्ट्यानं धरला.

दुखलं कवा ते मले आठवत नाही. आपाची किंकाळी आठवते, आणि ती बटनाकडे पळाली ते. उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा वाचला. सरकारी कामाले अंगठाच लागते म्हणा, पण भाकर अंगठ्यानं थापता येत नाही.

दवाखान्यात मालक धावून आला, हे मी नाकारत नाही. दवाखान्याचं सगळं त्यानंच केलं. मी रडत होती तं म्हणे, "बहिणीले मी उपाशी ठेवीन काय?" थोडे दिवस दाळीचं पोतं घरी आलं. मंग पोतं बंद झालं. मंग फोन उचलणं बंद झालं. मी मिलवर गेली तं चौकीदार म्हणे, शेठ बाहेरगावी हाय. शेठची गाडी आत उभी होती.

पोरगा पुण्याले कंपनीत, त्याचंच त्याले पुरे ना. सून चांगली हाय, पण मले कोणाच्या ताटाखालचं मांजर होऊन राहाचं नोयतं. आपानंच सांगतलं की कामावर हात गेला तं कायद्यानं भरपाई भेटते, आणि तिनंच एका वकीलबाईकडं नेलं. वकीलबाई पोरगीच होती, पण बोलणं साफ. ती म्हणे, "मावशी, एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुम्ही त्यांच्या कामावर होता. बाकी तुमचा हातच सांगतो."

मले वाटलं, ह्यात काय सिद्ध कराचं? सूर्य उगवला हे सिद्ध करावं लागते काय?

कामगार कोर्टात मालकाचा वकील मोठा गोड माणूस निघाला. "मावशी, बसा. पाणी घ्या." मंग हळूच इचारलं, "शेठजी तुमचे कोण लागतात?"

"भाऊ," मी म्हणलं.

"राखी बांधता?"

"दरवर्सी."

"हात गेल्यावरही बांधली?"

"बांधली ना. डाव्या हातानं. गाठ दातानं मारली." हे सांगताना माही मान वर होती. एवढं झालं तरी मी नातं सोडलं नाही, हे सगळ्याईनं ऐकावं असं मले वाटून राह्यलं होतं. वकीलबाई डोळ्यानं खुणा करत होती, मले वाटलं तिच्या डोळ्यात काई गेलं.

"दिवाळीला काय द्यायचे?"

"भाऊबीजेची ओवाळणी."

तो खाली बसला. हसला सुद्धा नाही. मालकाले कठड्यात उभं कराची गरजच त्याले वाटली नाही.

निकाल आला. बाई स्वतःच म्हणते की तो भाऊ हाय. हजेरी नाही, पगाराचा कागद नाही. बहिणीच्या नात्यानं मिलवर येत होती, हातभार लावत होती. मजूर होती हे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

आपानं त्या दिवशी मले जे झाडलं, ते माह्या मायनं बी कवा झाडलं नोयतं. "अगं येडी, कोर्ट था या तेरा मायका? वहाँ भाई-भाई करने गई थी?" मी बी तिच्यावर ओरडली. म्हणलं, मंग काय खोटं बोलू? ती म्हणे, "झूठ मत बोल, पर पूरा सच तो बोल!" आमी दोघी चार दिवस बोललो नाही.

वकीलबाईनं नागपूरच्या मोठ्या कोर्टात अपील लावलं. तारीख लागली तवा आपाच संग आली. तिथं सगळं इंग्रजीत. माह्या हाताबद्दल बोलून राह्यले का दुसऱ्याच्या, काई समजे ना. मी जजसाहेबाच्या तोंडाकडं पाहात बसली. ते पान उलटवत, थांबत, पुन्हा मांगचं पान पाहात. त्यायच्या कपाळावर आठी पडली की मी वकीलबाईकडं पाहो. हे हरलो तं पुढं काई नाही, हे मले वकीलबाईनं बसमधीच सांगून ठेवलं होतं. आपा तोंडातल्या तोंडात काई तरी पुटपुटत होती, दुवाच असन. मी गजाननबाबाचं नाव घेत होती. दोघीईचं मिळून तरी कोणी ऐकन म्हणलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, "हरलो नाही, पण जिंकलोही नाही. साहेब म्हणाले, बाईची जबानी घेतली, मालकाची का नाही घेतली? दिवाळीला दिलं त्याला ओवाळणी म्हटलं म्हणून मजुरी संपत नाही, पण मजुरी होती का ते तपासा. केस परत खालच्या कोर्टात पाठवली आहे. तुमची जबानी पुन्हा होईल. आणि ह्या वेळी शेठजींचीही."

मंग तिनं माहा डावा हात धरला. "मावशी, ह्या वेळी फक्त एक शब्द बदला. भाऊ नाही म्हणायचं. मालक म्हणायचं."

घरी मी भांडे घासता घासता म्हणून पाह्यलं. मालक. मालक. तोंडात खडा आल्यासारखं वाटे. मले माहाच राग येई. ज्या माणसानं फोन उचलला नाही त्याच्यासाठी माही जीभ काहून अडखळते? आपा म्हणे, "आदत है, छूट जाएगी." पण आदत नोयती ती. माह्या बापाले मी एकटीच. भाऊ म्हणाले दुसरं कोणी नोयतंच मले.

तारखेच्या दिवशी मालक कोर्टात पुढच्या बाकावर बसला होता. पांढरे कपडे, कपाळाले गंध. माह्याकडं पाह्यलं आणि हात जोडले. मी मान फिरवली.

मले उभं केलं. वकीलबाईनं इचारलं, कामाले कुठं होत्या? मी सांगतलं. मालक कोण? मी बोट दाखवलं, म्हणलं, "हे मालक." बरं झालं, निघाला शब्द.

मंग तो गोड वकील उठला. "मावशी, मागच्या वेळी भाऊ होते. आता मालक झाले. तेव्हा खोटं बोलल्या की आता?"

मांगचं खोटं म्हणलं तं शपथ मोडली. आत्ताचं खोटं म्हणलं तं केस गेली. वकीलबाईचा चेहरा पांढरा पडला. जजसाहेब लिहिता लिहिता थांबले, माह्याकडं पाहू लागले.

मी म्हणलं, "साहेब, दोन्ही खरं हाय. मी राखी बांधली, भाऊ म्हणलं. आणि त्याच्याच मिलवर रोजीनं तूर चाळली. भाऊ म्हणलं म्हणून त्यानं मले कवा चाळणीवरून उठवलं नाही."

"पण तुम्ही त्यांना भाऊ म्हणत होता?"

"होय. म्हणत होती."

"बस, एवढंच," तो म्हणाला आणि बसला. मले वाटलं, झालं, पुन्हा त्याच खड्ड्यात पडली मी. आपा मांगच्या बाकावर डोक्यावरची ओढणी तोंडाले लावून बसली होती.

मी येऊन वकीलबाईच्या मांगं बसली, मंग मालकाले कठड्यात बोलावलं. वकीलबाईनं इचारलं, ही बाई तुमची कोण?

"बहीण," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त."

"रोज सकाळी मिलवर यायची?"

"प्रेमानं यायची. मी कधी बोलावलं नाही. घरच्यासारखी होती, बसायची, हातभार लावायची."

प्रेमानं! पोती ओढून माह्या कमरेचा काटा ढिला झाला, तो म्हणे बसायची! माह्या अंगाची लाही लाही झाली. मी वकीलबाईच्या काळ्या कोटाची बाही ओढली आणि जे तोंडात आलं ते तिच्या कानात बोलली. म्हणलं, "मी त्याची बहीण ना? मंग त्याले हक्कसोडीचं इचारा!"

आमच्याकडं बाप गेला की भाऊ बहिणीईले तहसिलीत नेते, साडीचोळी करते, आणि वावरावरचा, घरावरचा हक्क सोडला असं लिहून घेते. मालकाचा बाप गेल्यावर त्यानंही मिलच्या जागेसाठी दोन्ही सख्ख्या बहिणीईचे हक्कसोड करून घेतले होते. त्या दिवशी मिलमधी पेढे वाटले, मीच वाटले. मी ते सुचवलं ते काई डोकं लावून नाही. रागानं बोलली.

वकीलबाई मालकाकडं वळली.

"शेठजी, तुमच्या दोन्ही बहिणींनी मिलच्या जागेवरचा हक्क सोडून दिला आहे ना?"

"हो. राजीखुशीनं."

"आणि ह्या बहिणीनं? सख्ख्यापेक्षा जास्त म्हणालात. हिनं हक्कसोड दिला का?"

त्याचा वकील ताडकन उठला, ह्याचा काय संबंध म्हणे. जजसाहेबानं त्याले हातानंच खाली बसवलं. "उत्तर द्या."

"नाही दिला," मालक म्हणाला. घाम फुटला होता त्याले. "हिच्याकडून कायले घेऊ?"

"म्हणजे हिचा हक्क अजून बाकी आहे. घरचीच आहे ना? मग मिलमध्ये हिचा हिस्सा किती समजायचा?"

मिलचं नाव निघालं आणि त्याचा तोलच गेला. कठड्यावर हात आपटला. सगळं शुद्ध बोलणं गेलं, घरचं तोंडात आलं.

"हिचा कायचा हिस्सा? बापाची मिल हाय माह्या! रोजावरची बाई हाय ही! मी कामाले लावली म्हणून आली होती, रोजी घे अन् जाय! असल्या छप्पन बाया येतात अन् जातात!"

बोलून झाल्यावर त्याले समजलं. त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. जजसाहेबानं टायपिंगवाल्याले सांगतलं, "जसंच्या तसं घ्या." ती टकटक सुरू झाली. एक एक शब्द कागदावर जाऊन राह्यला होता. रोजावरची बाई. कामाले लावली. रोजी घे अन् जाय.

वकीलबाई माह्याकडं झुकली. "मावशी, निकाल लागला समजा. आपलाच."

मले आनंद व्हाले पाहिजे होता. झालाही, खोटं काहून बोलू. ह्याच एका शब्दासाठी मी नागपूरपर्यंत गेली होती, तो शब्द त्याच्याच तोंडातून निघाला. पण मले रडू येऊन राह्यलं होतं, आणि त्याच्यासमोर रडाचं नोयतं. असल्या छप्पन बाया, म्हणे.

त्याचा वकील उभा राहून सांगू लागला, साहेब, रागाच्या भरात बोलले, त्यांच्या मनात तसं काही नाही. जजसाहेब ऐकून घेत होते. मंग त्यायनं चष्मा काढला आणि माह्याकडं वळले.

"बाई, शेठजी आता जे बोलले, त्यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

मी उठली. पदर सावरला. मालक खाली मान घालून उभा होता.

"नाही साहेब," मी म्हणलं. "माहा भाऊ खरं बोलला."