बरोबरी झाली तर गावं वर

सलीमभाई आज सकाळी गेले. मी त्यांना एकदा सगळ्यांसमोर पाणीचोर म्हटलं होतं.

तेव्हा दुष्काळाचं वर्ष होतं. संभाजीनगर चारी बाजूंनी वाढत होतं आणि टँकर तेवढेच.

आमच्या छोट्या ऑफिसात रोज दोन एक्सएमएल फाइली यायच्या. एक गावांची, एक शहरातल्या नव्या वसाहतींची. दोन्ही जोडून एक यादी काढायची. ज्यांना जास्त दिवस पाणी नाही, ते वर.

टँकर वरून खाली जायचे. संपले की संपले.

पहिला प्रोग्रॅम मी लिहिला. दोन्ही याद्या वेगवेगळ्या सॉर्ट केल्या, म्हणजे दिवसांप्रमाणे क्रमानं लावल्या, आणि एकीखाली एक चिकटवल्या. शहर वर.

तिसऱ्या दिवशी पिशोरकडच्या एका वस्तीवरून बाईंचा फोन. "ताई, नऊ दिस झाले. आमचं नाव हाय का नाय?"

नाव होतं. दोनच दिवस कोरड्या असलेल्या गल्लीच्याही खाली.

मला रडूच फुटलं. सलीमभाई आमचे सीनियर, पण ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बेटा, पहिले दोन्ही एक कर, मंग सॉर्ट कर. अलग अलग करून जोडलं तर रांगा दोनच राहतात ना."

"आणि दिवस सारखे निघाले तर?"

"ते मी बघतो."

त्याच उन्हाळ्यात ते रोज ऑफिसच्या फिल्टरवर दोन कॅन भरून घरी न्यायचे. मी एकदा मोठ्यानं म्हणाले, "काय सलीमभाई, पाणीचोरी सुरू?" सगळे हसले. तेही हसले.

आज त्यांच्या घरी गेले. भाभी म्हणाल्या, "त्या साली आमच्या गल्लीचा टँकर कितीदा मागं राहायचा. मी लई भांडायची. म्हणायचे, मैंनेच वैसा लगाया."

घरी येऊन त्यांनी दुरुस्त केलेल्या त्या प्रोग्रॅमची जुनी फाइल उघडली.

सॉर्टच्या ओळीत दोन याद्या, मध्ये स्वल्पविराम. आधी गावं, मग शहर. आकडे सारखे असले की तो सॉर्ट कुणालाच हलवत नाही. जी यादी आधी लिहिली, तिच्यातलं नाव वर राहतं.

सलीमभाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची स्वतःची गल्ली दुसऱ्या यादीत होती.

फार लाज वाटतेय आज.

ते कॅन मी उचलून तुमच्या स्कूटरवर ठेवायला हवे होते, सलीमभाई. माफी मागायची राहिली.

शेवटचा सलाम.