कोंबड्यांच्या पाण्यातलं औषध

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. औरंगाबादेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी गावी परतले आणि शहरातल्या एका खासगी दवाखान्याची प्रयोगशाळा सांभाळू लागले. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली. लोडशेडिंग सुरू झालं की जंतू वाढवायची पेटी थंड पडे, म्हणून मी ती गोधडीत गुंडाळून ठेवायचे.

एका दुपारी मोठे डॉक्टर स्वतः लघवीची बाटली घेऊन आले. "शिरड शहापूरकडची बाई आहे. तापाने फणफणलीय. सिप्रो दिलं, मग त्याहून भारी औषध दिलं, ताप हलत नाही. बघा काय वाढतंय."

ही तपासणी तशी सोपी असते. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर रुग्णाचे जंतू पसरायचे आणि वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. जे चालत नाही, त्याच्या टिकलीला खेटून जंतू वाढतात.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि मी टिकल्या एकेक करून पाहत गेले. जवळजवळ सगळ्या टिकल्यांना जंतू खेटले होते. टिकल्या खराब असतील म्हणून नवी बाटली फोडून पुन्हा लावलं, तरी तेच. रिंगण होतं ते फक्त जेन्टामायसिनभोवती. ते जुनं इंजेक्शन आमच्याकडे आता कुणी लिहीतही नव्हतं. डॉक्टरांनी तेच सुरू केलं आणि ताप उतरला.

बाई उठून बसल्यावर मी वॉर्डात गेले. "ताई, याआधी कोणकोणती औषधं घेतलीत?"

"कोणतीच न्हाई, बाई. लेकरं झाले तेबी घरीच. माझं तर डोकंबी दुखत न्हाई कधी."

मला वाटलं, विसरली असेल. पण तिची सासू शेजारीच बसली होती, तीही मान हलवत होती.

"काम काय करता?"

"पोल्ट्रीवर हाय. शेड झाडते, कोंबड्यायला पाणी ठेवते, पाण्यात औषध कालवते."

"कशानं कालवता?"

तिनं उजवा हात कोपरापर्यंत पुढे केला. "ह्यानं. काहून?"

पुढच्या रविवारी मी एसटीनं त्या पोल्ट्रीवर गेले. मालक शेतकरीच होता, शेतीला जोड म्हणून धंदा टाकलेला. त्यानं चहा मागवला आणि मी विचारल्यावर औषधाची बाटलीही आणून दाखवली. मी नाव वाचलं. आम्ही वॉर्डात देत होतो त्या सिप्रोचंच ते सख्खं भावंड होतं.

"पक्षी आजारी आहेत का?"

"न्हाई हो, म्याडम. आजारी पडू न्हाई म्हणूनच तर देऊन राहिलो. येकीला लागलं की समदं शेड जातंय. खाद्यवाला संगंच देऊन जातो."

धडधाकट पिल्लं निळ्या पिंपातल्या नळीला चोची लावून ते पीत होती. असं रोज थोडं थोडं औषध मिळालं की त्याला दाद न देणारे जंतूच मागे उरतात आणि वाढतात. मागच्या बाजूला कोंबडीखत ट्रॉलीत भरलं जात होतं, भाजीच्या मळ्यांसाठी. मी विष्ठेचे नमुने मागितले. "न्या की," तो म्हणाला.

त्यांतून वाढलेल्या जंतूंपुढेही तीच औषधं हरली होती. शेडमधूनच ते बाईत आले, असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते. त्यासाठी लागणारी तपासणी आमच्या आवाक्याबाहेरची होती.

डॉक्टरांनी बशी उजेडात धरून पाहिली. "शेडात राबणाऱ्याचं समजू शकतो. आपल्यासारख्यांत कुठून येणार?" मग स्वतःच म्हणाले, "तपासूनच टाका."

दवाखान्यातल्या आम्ही सगळ्यांनी शौचाचे नमुने दिले, ज्यांना काडीचाही आजार नव्हता अशा सगळ्यांनी. परिचारिकेच्या बशीत तेच जंतू निघाले. माझ्या बशीत निघाले. आणि डॉक्टरांच्याही. डॉक्टर माळकरी, त्यांच्या घरात अंडंही येत नसे. त्यांनी बशीवरचं नाव पुन्हा वाचून पाहिलं.

"आमच्याकडं तर मेथी, कोथिंबीर..." ते म्हणाले. मळ्यातली भाजी, विहिरीचं पाणी, दवाखान्यातलेच हात, आम्हीच सर्दी-पडशाला वाटलेल्या गोळ्या. कुठलीच वाट बंद करता येत नव्हती.

त्या आठवड्यापासून दवाखान्यात नियम झाला: आधी नमुना घ्यायचा, मगच भारी औषध. साध्या तापाला सिप्रो बंद. जेन्टामायसिन डॉक्टरांच्या सहीशिवाय निघायचं नाही. त्यांनी शहरातल्या इतर डॉक्टरांनाही बोलावून बशा दाखवल्या. काहींनी ऐकलं. एक जण म्हणाले, "आपण तपासत बसलो तर पेशंट शेजारच्याकडे जातो, साहेब." खोटं नव्हतं ते. कोंबड्यांच्या औषधाबद्दल आम्ही वर सरकारी खात्याला लिहून कळवलं, त्यावर काहीच आलं नाही.

पोल्ट्रीवाल्याला मात्र मी जाऊन सांगितलं. डॉक्टरांच्याही पोटात ते जंतू निघाले हे ऐकून तो हबकला. त्यानं एका शेडात पाण्यातलं औषध थांबवलं, चुना मारला, पक्षी विरळ ठेवले. ती खेप तगली. "मंग आमी इतके दिवस काय पाजून राहिलो, म्याडम?" तो म्हणाला. पुढे दुसऱ्या शेडातलंही थांबलं. आसपासच्या पोल्ट्र्यांत चालूच राहिलं.

बऱ्याच महिन्यांनी ती बाई तपासून घ्यायला आली. ताप नव्हता, लघवीला जळजळ नव्हती, अंग भरलं होतं. तिच्या शौचाच्या नमुन्यात जंतू तेच होते.

"म्हणजे हायच का अजून?"

"आहे. पण सध्या तकलीफ देत नाही."

"तुमच्यातबी हाय म्हणे?"

"व्हय. माझ्यातही."

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आजारी माणसाकडे पाहतात तसं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "जेवत जा, बाई, टायमावर." आणि बसस्टँडकडे निघाली.