नवरदेव जिकडे, कॅमेरा तिकडे

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, हसालच तुम्ही. आमच्या घरी पाहुणे आले की आई स्वतः हा किस्सा सांगते, आणि वर त्यांच्यासाठी चहाही मलाच करायला लावते!

मी बोलण्यात कच्चा. शाळा नववीत सोडली, तेव्हापासून आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, नेपियर टाउनमध्ये, मोटर वाइंडिंगच्या दुकानात आहे. पंखे, पंप, जनरेटर यांच्याशी माझं चांगलं जमतं, कारण ते प्रश्न विचारत नाहीत. माणूस समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटते.

अशा माणसाला घरच्यांनी कोणतं काम द्यावं? राहुलदादाच्या लग्नाचा व्हिडिओवाला ठरवायचं!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? थांबा. आधी सुषमाताईच्या लग्नात काय झालं ते ऐका.

आमच्यात लग्न बौद्ध पद्धतीनं लागतं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, हार, फुलं. वीस मिनिटांत संपलं! ना घोडी, ना फेरे. ताईच्या लग्नातल्या व्हिडिओवाल्याला हे कोण सांगणार? तो कोपऱ्यात बसून बॅटरी वाचवत राहिला. हार पडले, फुलं पडली, माणसं जेवायला उठली, तेव्हा तो आईजवळ येऊन विचारतो, "आंटीजी, फेरे कितने बजे हैं?"

आणि लग्न लागत होतं तेव्हा आई कुठे होती? सामानाच्या खोलीत. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला, कोणाला तरी काहीतरी काढून हवं होतं, म्हणून गेली. परत आली तर पोटच्या पोरीचं लग्न लागून गेलेलं! तिने मनाची समजूत घातली, व्हिडिओत पाहू. व्हिडिओत काय निघालं? दोन तास गुलाबजाम खाणारी माणसं.

म्हणून या वेळी आईने मला समोर बसवलं. "गुड्डू, मले माह्या लेकाचं लग्न दिसलं पाह्यजे. असा माणूस आण, जो एक मिनिट इकडेतिकडे हलणार नाही."

"मी काहून? दादाला सांग न."

"त्याले रेल्वेतून सुट्टी भेटून नाही राहिली. आन तुले मशीन समजते न? कॅमेराबी मशीनच हाये."

झालं! पहिल्या दुकानासमोर मी अर्धा तास उभा राहिलो आणि घरी आलो. दुसऱ्या दुकानात शिरलो. तो म्हणाला, "क्या चाहिए?" मी स्वतःचे आठ पासपोर्ट फोटो काढून घरी आलो.

तिसरं दुकान कमानिया गेटजवळ, पंकज भैयाचं. हा माणूस मात्र भला निघाला. मला आत ओढून खुर्चीवर बसवलं, गरमागरम खव्याची जलेबी मागवली. तोंडात ती धगधगती जलेबी, मी "हू हू" करतोय, आणि नेमकं तेव्हाच त्याने विचारलं, "तो दूल्हे राजा आप ही हो न?"

आता जीभ भाजलेला माणूस काय करतो? मान हलवतो. माझी मान हलली. कशी हलली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही माहीत नाही. पंकज भैयाने तिचा हो केला.

"अरे वाह! चेहरे से ही दिख रहा है. दूल्हा ही इतना शर्माता है!"

जलेबी गिळली की सांगतो, असं ठरवलं. गिळली. तेवढ्यात त्याने "दूल्हे राजा के लिए चाय लाओ!" अशी हाक दिली. खरं सांगू? दुकानात दिवसभर "ए गुड्डू" ऐकणाऱ्या माणसाला कोणी राजा म्हटलं, तर तो लगेच नाही म्हणेल का? तुम्ही म्हणाल का? म्हटलं, चहा पिऊन सांगतो. चहा पिऊन झाला, तोवर फार उशीर झाला होता. इतका वेळ गप्प बसून आता काय सांगणार!

पण कामाचं मी सगळं बोललो हं. अगदी पाठ करून गेलो होतो. "भैया, हमारे यहाँ फेरे नहीं होते. बीस मिनट में शादी. दूल्हा-दुल्हन सफेद कपड़ों में. कैमरा पहले से चालू चाहिए."

त्याने वहीत उतरवून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "देखो भैया, मैं अकेला आता हूँ, एक कैमरा लेकर. मेरा एक ही उसूल है. दूल्हे को पकड़ो, शादी अपने आप फ्रेम में आ जाती है. दूल्हा जहाँ, मैं वहाँ. एक सेकंड नहीं छोड़ूँगा."

मला आई आठवली. हाच तो! न हलणारा माणूस! मी तिथेच हो म्हणून टाकलं. त्याने माझे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले. "चेहरा याद रखना पड़ता है." मला वाटलं, पक्कं काम आहे.

घरी आईला सांगितलं, तर तिने माझी दृष्ट काढायचीच तेवढी बाकी ठेवली. "पाह्य, माह्या गुड्डूनं कसा माणूस आणला!" आणि त्या आनंदात तिने एकाच ताग्यातून दोघा भावांना सारखे पांढरे कुर्ते शिवले.

लग्न दुपारी होतं. आई सकाळपासून पहिल्या रांगेत बसली, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "आज मी जागची हलत नाही. काहीबी लागलं तं तू पाह्य."

पंकज भैया वेळेवर हजर. कॅमेरा चालू. मी पाण्याचे जार मोजले, तो मागे. मी खुर्च्या लावल्या, तो मागे; डोळा कॅमेऱ्यातून निघतच नव्हता. म्हटलं, माणूस तयारीही टिपतोय, किती मेहनती!

दादा आणि प्रियंका वहिनी स्टेजवर बसले, मेणबत्त्या लागल्या, आणि लाइट गेली! माइक बंद. जनरेटर सुरू होईना. लग्न लावणारे बौद्धाचार्य काका उठले. त्यांना पुढचं लग्न सिहोऱ्याला लावायचं होतं. "माझा आवाज मोठा आहे, मी बिनामाइकचंच सुरू करतो," म्हणाले. इकडे सगळे ओरडले, "गुड्डू! जनरेटर!"

जनरेटरची खोली हॉलच्या मागे, किल्ली माझ्याच जुडग्यात. धावलो. आत अंधार गुडुप. जनरेटरचं झाकण काढून डोकं आत घातलं, तर जळालेल्या वायरचा वास. तेवढ्यात मागून झकास उजेड आला. हॉलवाल्यांचा कोणी माणूस टॉर्च घेऊन आला असेल. मी न बघताच म्हणालो, "थोडा लेफ्ट में."

उजेड डावीकडे सरकला.

"थोडा ऊपर."

उजेड वर गेला. असा मदतनीस नशिबानं मिळतो! मी निवांत जुनी वायर काढली, नवी जोडली, टेप गुंडाळली. हॉलमधून त्रिशरण ऐकू येत होतं, मग पंचशील, मग "साधू, साधू, साधू!" आणि टाळ्या. त्याच क्षणी जनरेटर सुरू झाला. मी हात पुसत मागे वळलो.

उजेड टॉर्चचा नव्हता. कॅमेऱ्याचा होता.

"भैया!!! तुम यहाँ क्या कर रहे हो? वहाँ शादी हो गई!"

पंकज भैया हसला. "मज़ाक मत करो. दूल्हा यहाँ है, तो शादी वहाँ कैसे हो जाएगी?"

"दूल्हा मेरा बड़ा भाई है!"

"फिर आप कौन हो?"

इतक्या वर्षांत मला इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर म्हणून मी किल्ल्यांचा जुडगा वर केला.

दोघे धावत हॉलमध्ये आलो. शेवटच्या दोन-चार पाकळ्या खाली पडत होत्या. पंकज भैयाने त्या इमानाने टिपल्या.

आठ दिवसांनी घरात सगळे व्हिडिओ पाहायला बसले. मी दाराजवळ, चपला घालूनच. पडद्यावर मी. जार मोजणारा मी. खुर्च्या लावणारा मी. मग माझी पाठ आणि जनरेटर, पूर्ण वीस मिनिटं. जनरेटर दुरुस्तीचं प्रशिक्षण द्यायला उत्तम! दादाने डोक्याला हात लावला. वहिनी उशीत तोंड खुपसून हसत होती.

आईच फक्त डोळे मिटून बसलेली. जनरेटर बंद होता ना, म्हणून मागून त्रिशरणाचा आवाज स्वच्छ येत होता. संपल्यावर तिने डोळे पुसले. "आवाज आला न. आन ह्या वेळी मी डोळ्यांनं पाह्यलं सगळं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्या बैलाचं काम तेवढं पाह्यचं राह्यलं होतं, तेबी पाह्यलं."

आता माझं लग्न ठरलं आहे. आई म्हणाली, "तोच व्हिडिओवाला आण. माणूस हलला नाही न एक मिनिट! आन दादाले संगं घेऊन जा."

गेलो. ऑटोमध्ये सगळा रस्ता एकच वाक्य घोकलं. दुकानातल्या पोराने दादाला आत बसवून जलेबी आणली; मी या वेळी तिला हातच लावला नाही, दारातच थांबलो. पंकज भैया दिसताच दारातूनच ओरडलो, "भैया, दूल्हा मैं हूँ! मैं ही हूँ!"

रस्त्यावरची चार माणसं थांबली. पंकज भैयाने मला वरून खालपर्यंत पाहिलं, आणि खुर्चीत बसलेल्या दादाकडे वळला.

"बड़े भैया, आप बताओ. ये तो हर शादी में दूल्हा बन जाते हैं."

मी आशेनं दादाकडे पाहिलं. दादाच्या तोंडात गरम जलेबी होती. त्याची नुसती मान हलत होती.