दोन्ही उत्तरं बसतात

माझं लग्न न्यूट्रिनोमुळे मोडता मोडता राहिलं. न्यूट्रिनोला याची काहीही कल्पना नाही.

न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण. त्याच्या तीन जाती, आणि वाटेत जाता जाता तो जात बदलतो! (स्थळ बघायला जाताना हे वाक्य बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं.) बदलून आलेले किती, ते मोजून आम्ही त्याचे गुणधर्म ठरवतो. गोम अशी, की पुष्कळदा एकाच मोजणीला दोन वेगळी उत्तरं चपखल बसतात. मग अंतर बदलून पुन्हा मोजायचं. मला याचाच पगार मिळतो.

आई आणि मामाला घेऊन मेढ्याला वृषालीला बघायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी, रिटायर्ड सुभेदारांनी, माझ्या कामाचं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग दोनातलं खरं कंचं?"

"अजून कळलं नाही."

"आवं, दुश्मन डाव्या टेकडीवर हाय का उजव्या, आसं सायबानं इचारल्यावर मी 'दोन्ही बसतंय' म्हणलो असतो, तर पलटणीतनं हाकलला असता मला!"

वृषाली खुदकन हसली आणि मी तिथेच खलास! आता लग्न करीन तर हिच्याशीच. निघताना सुभेदार म्हणाले, "बघू. कळवतो." पण तिच्या आईनं आमच्या गाडीत इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवली.

तासगावला घरी पोचेपर्यंत गाडीत दोन पक्ष पडले.

"तांदूळ दिला म्हंजी होकार!" आई म्हणाली.

"आगं ताई, 'बघू' म्हणला म्हंजी नकार!" मामा म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्यानं सरळ फोन करून विचारलं असतं. मी म्हणालो, "दोन्ही उत्तरं बसतात. अंतर बदलून मोजूया."

म्हणून मामाला साताऱ्याला, वृषालीच्या आत्याकडे धाडलं. तो परत आला तो डोकं खाजवतच.

"त्या म्हणल्या, पोरगं बरं हाय, पन..."

"पण काय?"

"पन कुकरची शिट्टी झाली, आन् त्या उठल्या."

आता चार उत्तरं बसायला लागली!

तेवढ्यात सुभेदारांचा फोन. "आमच्या पोरीची मागनं चौकशी लावता व्हय? ठेवा तुमचं स्थळ तुमच्यापाशी!"

पण पलीकडे झटापट ऐकू आली आणि फोनवर वृषाली आली.

"अहो, मामांना साताऱ्याला कशाला पाठवलंत? मला विचारायचं ना! माझा होकार आहे. तुमचं काय?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तोंडाला सवय लागलेली.

"त्याचं असं आहे," मी म्हणालो, "दोन शक्यता..."

आईनं माझ्या हातातून फोन ओढला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "व्हय म्हणतोय त्यो! व्हय!"

न्यूट्रिनोचं कोडं अजून सुटलेलं नाही. माझ्या नावावर आयुष्यात एकच पक्कं उत्तर जमा आहे, आणि तेही आईनं दिलेलं!